लाइन तुटल्यावर बोलणारी बाई

बाजाराच्या तोंडाशी चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना सारे गाव भाऊ म्हणत असे. त्यामुळे लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्यांची पत्नी गावाची वहिनी झाली, आणि पुढे रेडिओवर बोलू लागली तेव्हा रेडिओवहिनी. या नावात सुनेचे स्वतःचे असे काहीच नाही, असे सासूबाईंचे ठाम मत होते.

"अर्धं नाव कंपनीच्या डब्याचं, अर्धं माझ्या मुलाचं. तुझं काय त्यात?"

"आवाज, आई."

"तो लग्नाआधीपासूनच मोठा होता. बघायला आलो तेव्हाच मी म्हटलं होतं."

एवढ्यावर विषय मिटत असे. सासूबाईंचे कान उतरणीला लागलेले होते आणि सुनेचा मोठा आवाज ही त्यांच्या संसाराची खरी सोय होती, हे दोघींनाही ठाऊक होते. पण ते बोलून दाखवण्याचा मान कोणी कोणाला दिला नाही.

रेडिओ केंद्र गावाबाहेरच्या चढावर, पाण्याच्या टाकीमागे होते. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे मनोरा. आतल्या खोलीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून जुने गालिचे ठोकलेले होते आणि त्यांना कायम ओलसर लोकरीचा वास येई. नव्या माणसाला त्या वासाने शिंका येत. वहिनींना मात्र घरी कपाटातून स्वेटर काढतानाही कामावर गेल्यासारखे वाटे.

त्या तिथे लागल्या त्या हिशेब टंकायला. बोलायचे काम दुसऱ्या एका गृहस्थांचे होते. एका सकाळी त्यांचा घसा असा बसला, की नमस्कार म्हणताना नुसती हवा निघाली. यंत्रे सांभाळणारे मामा, ज्यांना केंद्रातला लहानमोठा प्रत्येक जण मामाच म्हणत असे, त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि टंकयंत्रासमोर बसलेल्या वहिनींना हाताला धरून मायक्रोफोनपुढे नेऊन बसवले.

"मी काय बोलू?" वहिनींनी विचारले.

"काहीही. आणि काही सुचलं नाही, तर घड्याळ वाचा. वेळ सांगणारा माणूस कधी चुकत नाही."

त्या दिवशी वहिनींना काहीच सुचले नाही. प्रत्येक गाणे संपले, की त्या समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत आणि गावाला वेळ सांगत. शेवटी एका श्रोत्याने फोन केला, "बाई, वेळ कळली. आता निदान गायिकेचं नाव तरी सांगा." हा किस्सा मामा पुढे वर्षानुवर्षे नव्या लोकांना सांगत राहिले. वहिनी पुढे उत्तम बोलू लागल्या, विनोद करू लागल्या, गावाची उणीदुणी काढू लागल्या. पण गाणे संपताच मान वर जाणे आणि तोंडून वेळ निघणे ही गोष्ट अंगात मुरली ती मुरलीच. तबलजीची बोटे जेवणाच्या टेबलावरही वाजतात, त्यातलाच हा प्रकार.

त्यांचे खरे राज्य म्हणजे सकाळचे सांगावे. केंद्राच्या फाटकाला एक लाकडी पेटी टांगलेली होती. ज्याला गावाला काही कळवायचे असेल त्याने चिठ्ठी लिहून पेटीत टाकावी आणि वहिनींनी ती सकाळी वाचावी, अशी रीत पडून गेली होती. पाणी कोणत्या भागात येणार नाही, कोणाचे कुत्रे कोणाच्या अंगणात सापडले, गिरणी दुपारनंतर का बंद राहील, हे सगळे त्या पेटीतून येई. एकदा एका गृहस्थांनी लिहिले, की दवाखान्यात ज्यांनी माझी छत्री चुकून नेली त्यांनी ती परत करावी. त्यांची मागे राहिलेली छत्री नवी आणि चांगली असली तरी माझी वडिलांची होती. वहिनींनी ते वाचले आणि पुढे आपले जोडले, "नवी छत्री हातची जाईल म्हणून जुनी लपवून ठेवू नका. पावसाला दोन्ही सारख्याच." दुपारपर्यंत छत्री परत आली.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. चिठ्ठी त्या आधी वाचून ठेवत नसत; मायक्रोफोनपुढे बसूनच उघडत. पहिल्यांदा वाचताना माणसाला जे वाटते ते दुसऱ्यांदा वाचताना वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वाचून झालेली चिठ्ठी मामा खिळ्याला टोचत आणि काम संपे. बोललेले पुन्हा ऐकायचे नाही, हाही याच पद्धतीचा भाग. सुरुवातीच्या दिवसांत मामांनी एकदा त्यांना त्यांचेच रेकॉर्डिंग ऐकवले, तेव्हा वहिनी कानांवर हात ठेवून व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यानंतर मामांनी तो नाद सोडला. वहिनींनी वहिनींना कधी ऐकले नाही.

मग केंद्र चालवणारी कंपनी विकली गेली. कोणी घेतली हे गावात कोणालाच नीट कळले नाही. फक्त पत्रांवरचे चिन्ह बदलले आणि 'पुनर्रचना' हा शब्द आला. मामांनी तो शब्द दोनतीनदा मोठ्याने म्हणून पाहिला.

"म्हणजे घर पाडायचं नाही," ते म्हणाले. "नुसत्या भिंती काढायच्या."

मुख्यालयातून एक तरुण अधिकारी बाई आल्या. नीटनेटक्या, बोलायला सौम्य, मांडीवर लॅपटॉप. प्रत्येकाला व्हरांड्यात बोलावून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही दिवसभरात नेमकं काय करता?" आणि प्रत्येकाच्या उत्तराचा त्यांनी कसलासा आकडा केला. मामांनी त्यांना आकडेबाई असे नाव ठेवले, तेही त्या फाटकातून बाहेर पडण्याआधीच. पण त्या वाईट नव्हत्या. ज्याला कमी करायचे त्याला त्यांनी पत्र पाठवून कळवले नाही, समोर बसवून सांगितले; आणि संध्याकाळचा निवेदक रडू लागला तेव्हा लॅपटॉप मिटून ठेवला.

संध्याकाळचा निवेदक गेला, जाहिराती आणणारा गेला, हिशेब पाहणारी गेली, राखणदार गेला. मामांची महिनाअखेरपर्यंत मुदत होती. उरल्या वहिनी.

"चार लहान गावांची चार केंद्रं आहेत," आकडेबाईंनी त्यांना सांगितले. "सकाळी चारही ठिकाणी चार माणसं तेच करतात. आम्हाला एकच आवाज ठेवायचाय. तुमचा ठेवता आला तर मला आवडेल. आदल्या दिवशी रेकॉर्ड करायचं, सकाळी ते चारही गावांत लागेल. दोन आठवडे करून बघू. जमलं तर तुम्ही, नाहीतर कार्यक्रम मुख्यालयातून येईल."

"आणि सांगावे?"

"एका गावाचं कुत्रं बाकीच्या तीन गावांना कशाला?"

नियम सोपे होते. गावाचे नाव घ्यायचे नाही, हवेबद्दल बोलायचे नाही, वेळ सांगायची नाही. वेळ यंत्र आपली आपण मधे घालेल. आणि रेकॉर्डिंग पाठवण्याआधी एकदा पूर्ण ऐकायचे.

पहिला परिणाम सुखाचा झाला, हे मान्य केले पाहिजे. लग्नानंतर पहिल्यांदाच वहिनी उजाडल्यावर उठल्या. स्वयंपाकघरात आल्या तो भाऊ टेबलाशी बसून रेडिओशी भांडत होते.

"काही नाही तसलं," भाऊ रेडिओला म्हणाले. रेडिओत वहिनी नुकत्याच म्हणाल्या होत्या, की पुरुषांना घरातली वस्तू समोर असून दिसत नाही. "चष्मेवाल्याच्या बायकोनं हे बोलावं?"

"अहो, कोणाशी बोलताय?"

भाऊ दचकले. त्यांनी आधी बायकोकडे पाहिले, मग रेडिओकडे. "तुझ्याशीच. रोज बोलतो."

"रोज?"

"इतकी वर्षं सकाळी तू तिकडे नि मी इकडे. मग उत्तरं कोणी द्यायची?" आणि वहिनी पुढे काही बोलणार, तोच त्यांनी हात वर केला. "थांब जरा. ऐकू दे, काय म्हणतेय ती."

वहिनी चहाचा कप घेऊन मागच्या दारात, आवाज कमीत कमी पोहोचेल अशा बेताने जाऊन बसल्या. आपण घरात नसताना आपला संसार असा चालू होता तर, या विचाराने त्यांना हसू येत राहिले.

अडचण केंद्रात होती. संध्याकाळी रेकॉर्डिंगला बसले, की गाण्यानंतर मान वर जाई आणि वेळ बाहेर पडे. मामा काच वाजवत, यंत्र मागे नेत, पुन्हा. दुसऱ्या दिवशी मामांनी आपला स्वेटर घड्याळावर टांगला, तर वहिनींनी मनगटाकडे पाहिले. मामांनी मनगटावरचे घड्याळ काढून खिशात घातले.

"आता?" मामा म्हणाले.

"आता खिडकी आहे," वहिनी म्हणाल्या.

"खिडकीला काय टांगू? मी एकच स्वेटर आणलाय."

दोघे हसले, पण मामांनी त्या दिवशी तीनदा चूक पुसली आणि निघताना म्हणाले, "वहिनी, माझ्यामागे हे कोण पुसणार?"

ती वेळ लवकरच आली. मामा आपल्या सुटण्याच्या कागदांवर सह्या करायला तालुक्याला गेले होते आणि परत यायला उशीर होणार होता. वहिनींनी स्वतःच बटणे दाबली, स्वतःच रेकॉर्ड केले. छान झाले असे त्यांना वाटले. इतके छान, की ते बोलणे नेमके कुठे रंगले हेही आठवेना. आता पूर्ण ऐकायचे होते. त्यांनी कानांना यंत्र लावले, आपला नमस्कार ऐकला आणि अंगावर काटा आला. कोणीतरी परकी, आगाऊ बाई आपल्या साडीत येऊन बसावी तसे वाटले. त्यांनी कानांवरचे यंत्र काढून ठेवले, रेकॉर्डिंग पाठवून दिले आणि घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ टेबलाशी, वहिनी मागच्या दारात. एक गाणे संपले आणि रेडिओ प्रसन्न आवाजात म्हणाला, "सहा वाजून गेले, बाहेर दिवे लागले. दिवसभराच्या कामानं पाय दुखत असतील, तर जरा टेका आता. मुलंही एव्हाना खेळून आली असतील." त्यामागोमाग यंत्राने आपली आपण सांगितले, की सकाळचे सात वाजून पाच मिनिटे झाली आहेत.

भाऊंचा चमचा हवेत राहिला.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. कान उतरणीला लागले असले तरी सुनेचा आवाज त्यांना पोहोचत होता, आणि वेळेच्या बाबतीत त्यांचा आपल्या डोळ्यांपेक्षा रेडिओवर विश्वास होता. अंगावर संध्याकाळची शाल होती.

"आज दुकान लवकर बंद केलंस?" त्यांनी मुलाला विचारले.

"आई, सकाळ आहे."

"ती सांगतेय ना दिवे लागले म्हणून."

"ती चुकली."

सासूबाईंनी मागच्या दाराकडे पाहिले. सून तिथे कपाळाला हात लावून बसली होती. "चुकली तर चुकली," त्या म्हणाल्या, "पण पाय दुखतात हे खरं सांगितलं," आणि शालीसकट खुर्चीत टेकल्या.

चार गावांत ते वाक्य गेले होते. एका गावात म्हणे गिरणीवाल्याने पट्टा उतरवून ठेवला. हे खरे असण्याचा संभव कमी, पण सांगणाऱ्याने ते इतक्या आनंदाने सांगितले, की ते खोडायला कोणी धजले नाही. मुख्यालयातले फोन मात्र खरोखर वाजले.

दुपारी आकडेबाईंचा फोन आला. "तुम्ही पाठवण्याआधी ऐकलं नव्हतं?"

"नाही. मला मी ऐकवत नाही."

"म्हणजे पुढेही ऐकवणार नाही?"

वहिनींनी प्रामाणिकपणे विचार केला. हो म्हणावे, एक संधी मागावी, मन घट्ट करून रोज ते ऐकावे. पण ऐकायची सवय जडली तरी वेळ सांगायची जाणार नाही, आणि ती गेली तर बोलणाऱ्या त्या राहणार नाहीत, हे त्यांना खिडकी पाहिली त्याच संध्याकाळी कळले होते. "नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी समोरच्याशी बोलते. समोर संध्याकाळ असली तर सकाळ म्हणता येत नाही."

कार्यक्रम मुख्यालयाकडे गेला. गावाची सकाळ वहिनींच्या हातून गेली ती अशी.

आकडेबाईंनी मात्र फोन ठेवला नव्हता. केंद्रात प्रक्षेपण चालू असेपर्यंत एक माणूस बसलेला लागतो, असे त्यांनी सांगितले. यंत्राचा काटा बघायचा, ते तापले तर पंखा लावायचा आणि मुख्यालयाकडून येणारी लाइन तुटली, तर ती परत येईपर्यंत गावाला तसे कळवायचे. ही जागा त्यांनी आधी मामांना देऊ केली होती. मामा म्हणाले होते, की आयुष्यभर मी यंत्राची राखण केली, आता यंत्राने माझी करावी. आणि शाळा-सभागृहांचे बिघडलेले ध्वनिक्षेपक दुरुस्त करायचा धंदा त्यांनी सुरूही केला होता. पगार पहिल्याइतका नसेल. वहिनींना चालेल का?

वहिनींनी एकच विचारले, "लाइन किती वेळा तुटते?"

"क्वचित."

"क्वचित म्हणजे?"

"वारं सुटलं की," आकडेबाई म्हणाल्या.

घरी यावर बरीच चर्चा झाली. सासूबाईंना हा अपमान वाटला. "गाणारीला बाजाच्या पेटीवरची धूळ झटकायला ठेवलं," त्या म्हणाल्या. त्यांना सुनेचा अभिमान होता, हे या वाक्यातून पहिल्यांदाच उघड झाले आणि त्यांनी लगेच ते झाकले, "नाहीतरी बोलून बोलून जीभ झिजली असेल तिची."

भाऊंनी आधी ताट संपवले. मग म्हणाले, "अगं, नको असेल तर नाही म्हण. दुकानात माणूस लागतोच मला."

"तुमच्या दुकानात सगळ्यांना आपापल्या चष्म्यातून दिसतं. मी काय सांगू त्यांना?"

"मग जा तिकडे. पण चिडत बसू नकोस. काटा बघायचा म्हणजे काटा बघायचा."

वहिनी गेल्या. मामांनी धंद्यातून वेळ काढून दोन दिवस सगळे समजावून दिले. कोणता काटा कुठे असावा, कोणता आवाज साधा आणि कोणता धोक्याचा. मुख्यालयाने एक प्लास्टिक चढवलेले कार्ड पाठवले होते. ते मायक्रोफोनजवळ चिकटवले. त्यावर एकच वाक्य होते, तांत्रिक कारणामुळे कार्यक्रमात व्यत्यय आला असून तो लवकरच दूर होईल. शेवटी मामा यंत्रामागे वाकले.

"ही निळी वायर. लाइन हिच्यातून येते. जरा सैल आहे, नुसता हात लागला तरी जाते." ते उठून हात झटकू लागले. "आणि माणसाचा हात कुठेही लागू शकतो."

"माझा नाही लागणार, मामा."

"मी कुठे म्हटलं लावा म्हणून."

"घट्ट करा ती."

मामांनी त्यांच्याकडे पाहिले, पाना काढला आणि वायर घट्ट केली. पुढे ते अनेकांना हे सांगत, की वहिनींनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने स्वतःचे तोंड बांधून घेतले. वहिनींना ते तसे वाटले नव्हते. चोरून बोललेले सगळ्या गावाला ऐकू जाते, ते बोलायचे कसे, एवढाच साधा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

मग दिवस जाऊ लागले आणि ते बरे गेले. मुख्यालयातून बोलणारी मुलगी गोड होती, भराभर बोलायची, गाण्याच्या शेवटच्या सुरावर पाय देऊन पुढे जायची. "अगं, संपू दे की," वहिनी लाउडस्पीकरला म्हणत. काही दिवसांत त्या तिला हसू लागल्या, काही दिवसांत तिच्या विनोदांना उत्तरे देऊ लागल्या. एकदा तिला सर्दी झालेली ओळखून त्यांनी दिवसभर काळजी केली. व्हरांड्यात त्यांनी कुंड्या आणून ठेवल्या. मामा दुरुस्तीचे ध्वनिक्षेपक घेऊन येता-जाता थांबत आणि चहा घेत. आपण रागावलेलो नाही हे वहिनींच्या एके दिवशी अचानक ध्यानात आले, आणि थोडा वेळ त्यांना त्याचाच राग आला.

फक्त पेटी राहिली होती. ती कोणी काढली नव्हती, आणि गाव तिच्यात चिठ्ठ्या टाकतच होते.

"अहो, आता वाचत नाही मी," वहिनींनी फाटकाशी आलेल्या शिंप्याला सांगितले.

"माहीत आहे ना, वहिनी."

"मग टाकता कशाला?"

"लिहून झाली होती," शिंपी म्हणाले. "घरी ठेवून काय करू?"

वहिनी त्या चिठ्ठ्या व्हरांड्यातल्या फळ्यावर टाचणीने लावत. चढ चढून दोघे-चौघे वाचायला येतही. पण हरवलेल्या किल्लीचा मालक चढ चढत नाही, तो घरी किल्ली शोधत असतो. त्यामुळे फळ्यावरच्या किल्ल्या फळ्यावरच राहत. वहिनींच्या मनाला काही लागत असेल तर ते एवढेच.

एका सकाळी वारे सुटले. टाकीवरचा पत्रा वाजू लागला, मनोऱ्याच्या तारा गुणगुणू लागल्या आणि मुख्यालयातली मुलगी एका शब्दाच्या मध्यावर नाहीशी झाली. काटा खाली आला. वहिनींनी आधी यंत्रामागे जाऊन निळी वायर पाहिली. ती घट्ट होती. मग त्या मायक्रोफोनपुढे बसल्या, बटण दाबले आणि कार्ड वाचले.

लाइन आली नाही. त्यांनी कार्ड पुन्हा वाचले. गाव गप्प होते, आणि गावाचे हे गप्प बसणे कसे असते हे वहिनींना ठाऊक होते. कोणी दाढीचा हात थांबवून, कोणी पीठ मळता मळता मान वळवून रेडिओकडे पाहत असणार. त्यांनी फळ्यावरून काढून आणलेल्या चिठ्ठ्या आणि सकाळी येताना पेटीतून काढलेल्या, न उघडलेल्या चिठ्ठ्या पुढ्यात ओढल्या.

"लाइन येईपर्यंत," त्या म्हणाल्या, "मी आहे."

मग किल्ल्यांचा जुडगा झाला, सायकलचा पंप झाला. आंधळ्या मांजरीला कोणी दूध घालत असेल तर घालू नये, तिला तीन घरी मिळते, हेही झाले. "आणि मांजरीला एवढंही दिसत नसेल असं समजू नका," वहिनींनी जोडले. पुढची चिठ्ठी त्यांनी उघडली. ती दवाखान्यातल्या परिचारिकेची होती. लोहाराच्या आईला आज सकाळी घरी सोडणार आहेत, लोहाराचा फोन लागत नाही, म्हातारी सामान बांधून बाकावर बसली आहे. वहिनी पहिल्या ओळीवर असतानाच काटा वर उसळला. लाइन आली होती. कानातल्या यंत्रात मुलगी हसत पुढचे गाणे सांगत होती. बटण सोडायचे, की मुलगी गावात आणि वहिनी बाहेर.

वहिनींनी बटण सोडले नाही.

"लोहाराच्या शेजारचं कोणी ऐकत असेल, तर उठून त्याच्या दारावर थाप मारा," त्या म्हणाल्या. "आई बाकावर बसल्यात. गाडी घेऊन जा म्हणावं, आणि गाडीत उशी टाका. रस्ता खराब आहे." क्षणभर थांबून त्यांनी जोडले, "आणि मुख्यालयातल्या ताईंना आवाज देते आता. त्यांचं गाणं राहिलंय." मग बटण सोडले.

काही वेळाने लोहाराची गाडी चढाच्या पायथ्याने दवाखान्याकडे जाताना त्यांनी व्हरांड्यातून पाहिली. काटा बघायच्या कामावर ठेवलेल्या माणसाने काटा वर आलेला पाहूनही बोलत राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. ही जागाही आता जाणार.

दुपारी फोन वाजला.

"लाइन परत आल्यावरही तुम्ही बोलत होतात," आकडेबाई म्हणाल्या.

"हो."

"का?"

"एक सांगावा अर्धा होता."

"कार्डावर एकच वाक्य आहे."

"ते वाचलं, मॅडम. दोनदा वाचलं."

पलीकडे बोटे कळफलकावर चालल्याचा आवाज आला आणि थांबला. वहिनींना वाटले, लाइन गेली.

"त्यांना गाडी मिळाली का?" आकडेबाईंनी विचारले.

"मिळाली. उशी टाकली की नाही कळलं नाही."

"पुढच्या वेळी," आकडेबाई म्हणाल्या, आणि पुन्हा थांबल्या, "पुढच्या वेळी छोटे आधी घ्या. म्हणजे मधे राहणार नाहीत." आणि त्यांनी फोन ठेवला.

वहिनींनी फोन जागेवर ठेवला. मग पेटी उचलून व्हरांड्यात आणली, पायरीवर बसल्या आणि आजवर कधी केले नव्हते ते करायला घेतले. चिठ्ठ्या आधी उघडून वाचायला. छोट्या वर, लांब खाली अशा त्या लावत गेल्या. बाहेर वारे पडले होते. शिंप्याची चिठ्ठी सगळ्यांत लांब निघाली. गिऱ्हाइकांनी शिवून झालेले कपडे न्यावेत एवढेच सांगायला त्यांनी पान भरले होते. वहिनींनी पेन्सिल घेऊन त्यातले अर्धे शब्द काढले. मग शिंपी नाराज होतील असे वाटून दोन परत घातले.